बाबांभोवतीचं कडं

९ नोव्हेंबर २०२५
सेक्टर १५, चंडीगड

ताई,

हे पत्र एका कामासाठी आहे. दाजींची एक सही हवी आहे. मजकूर टाइप करून सोबत जोडला आहे. पटला तर सही करून चंडीमंदिर छावणीच्या पास ऑफिसला थेट पाठवायचा. माझ्याकडे पाठवायची गरज नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही, म्हणून टपालाने पाठवते आहे.

गेल्या महिन्यात हिमानी भेटायला आली होती. पिंजौरची हिमानी, बाबांना सांभाळायला दोन-अडीच महिने तुमच्या तिथल्या क्वार्टरवर येत होती ती. आमच्या संस्थेच्या गेटवर सकाळी साडेआठपासून उभी होती. मी दहाला पोचले. साडेचार वर्षांनी बघत होते, पण तिनेच आधी ओळखलं. "दीदी, चश्मा बदल लिया," म्हणाली.

ती आता पिंजौरला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. दिवसभर उभं राहायचं. चंडीमंदिरला एका ब्रिगेडियरांच्या आईंना कंपवात आहे, बाबांसारखाच, आणि त्यांना माणूस हवं आहे. हिमानी तिथे जाऊन आली. आजींना तिने ज्या पद्धतीने खुर्चीतून उठवलं ते बघून त्या लोकांनी तिला लगेच हो म्हटलं. पासासाठी गेली, तेव्हा कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे मे २०२१ची नोंद आहे: 'बीमारी छिपाकर काम पर आई. पास रद्द.' तक्रारदार म्हणून दाजींचं नाव. तक्रारदाराने लेखी मागे घेतल्याशिवाय पास मिळत नाही. ब्रिगेडियरांचं घर १५ डिसेंबरपर्यंत थांबणार आहे.

तक्रार तू लिहिलीस, दाजींनी फक्त सही केली, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र तुला.

हिमानीने ताप लपवला असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. सध्या एवढंच लिहिते.

देवळालीत आता थंडी पडली असेल. स्वरालीचं दहावीचं वर्ष ना?

नेत्रा

२३ नोव्हेंबर २०२५

ताई,

मजकुराचा कागद परत मिळाला. सही नाही. मागच्या बाजूला तू लिहिलं आहेस:

"ती दोन दिवस अंगात ताप घेऊन बाबांना भरवत होती. तिला माहीत होतं. तू तेव्हा गेटच्या बाहेर उभी राहून हात हलवायचीस. तुला काय माहीत?"

गेटचं आधी सांगते.

जानेवारी २०२१ मध्ये आमच्या विभागातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. अकरांपैकी सात जणांच्या रक्तात अँटिबॉडी निघाल्या. माझ्यात नव्हत्या. म्हणजे मला तोवर कोरोना झालेला नव्हता, केव्हाही होऊ शकत होता आणि मी तो बाबांना देऊ शकत होते. म्हणून मी आत येत नव्हते. तुला वाटलं मी स्वतःच्या जिवाला जपते आहे. तू एकदा व्हरांड्यातून ओरडलीसही, "अगं, बाप आहे तुझा, वाघ नाही!" बाबा हसले. मीही हसले. कारण सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

पुढचं असं.

तुम्हा तिघांना ऑक्टोबर २०२०मध्ये होऊन गेला होता. बाबांना तेव्हा मागच्या खोलीत एकटं ठेवलं, दाराशी ताट, आणि ते बचावले. त्यांना सांभाळणारी आधीची बाई दिवाळीनंतर गावी गेली ती परत आली नाही. तू फोनवर म्हणालीस, "बाई मिळेल गं. पण ती काय काय घेऊन येईल?" मी म्हणाले, बघते.

तेव्हा आमचं सर्वेक्षण चालू होतं. पिंजौरला तीन दिवस कॅम्प होता. किती लोकांना नकळत होऊन गेला, हे बघायला रक्त घ्यायचं. नावांची फाइल वेगळी, निकालांची फाइल वेगळी. निकालांत फक्त नमुना क्रमांक. कोणाच्या रक्तात काय निघालं हे त्या माणसाशिवाय कुणाला कळू नये, म्हणून दोन्ही फाइली एकत्र उघडायच्या नाहीत. तसं आम्ही प्रत्येकाला लिहून दिलं होतं. दोन्हींचे पासवर्ड माझ्याकडे होते, कारण विश्लेषण मी करत होते.

२ फेब्रुवारीला मी दोन्ही उघडल्या. कालका रस्त्याच्या बसमार्गावर राहणाऱ्या, पंचविसावर आणि चाळिशीच्या आत वय, आजाऱ्यांच्या कामाचा अनुभव, आणि अँटिबॉडी भरपूर. पाच नावं निघाली. सगळ्यांत मोठा आकडा हिमानीचा होता. तिला पहिला फोन केला.

तुला मी सांगितलं, "ओळखीतून चांगली मुलगी मिळाली." तू म्हणालीस, नशीब लागतं.

समूह प्रतिकारशक्ती हा शब्द तेव्हा टीव्हीवर रोज असायचा. हिशोब साधा आहे. पुरेशा लोकांना होऊन गेला की विषाणूला पुढचं माणूस सापडत नाही आणि ज्यांना झाला नाही तेही वाचतात. तेव्हाच्या विषाणूसाठी साधारण साठ टक्के पुरतील असं मानत होते. शहरात ते होईपर्यंत थांबायला बाबांकडे वेळ नव्हता. म्हणून मी त्यांच्यापुरतं वेगळं गणित केलं. त्यांच्याजवळ जाणारी माणसं चार: तू, दाजी, स्वराली, हिमानी. चौघांनाही होऊन गेलेला. शंभर टक्के. बाबांभोवती मी एक कडं तयार केलं आणि स्वतः त्याच्या बाहेर राहिले, कारण मी त्यात बसत नव्हते.

साठ टक्के होण्यासाठी साठ टक्के लोकांना आधी आजारी पडावं लागतं. ते कोण, हे त्या गणितात कुठेच येत नाही. हिमानीला सप्टेंबरात झाला तो पिंजौरच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळ्या करताना. तिथे आयांना एक मास्क आठवडाभर वापरायला देत होते. तिच्या आजारपणाचा मला उपयोग होता. तेव्हा मी त्याला उपयोग म्हणत नव्हते. 'पात्रता' असा रकाना केला होता.

आणि लस. साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून मिळत होती. बाबांची २२ तारीख ठरली होती, लघवीचा संसर्ग झाला म्हणून राहिली. होळीच्या आदल्या दिवशी तू विचारलंस, "परवा नेऊ का गं? पण तिथे रांगेत शंभर माणसं असतात." मी म्हणाले, "घाई नाही. रांगेत धोका जास्त, घरात कमी." तू म्हणालीस, "तू म्हणतेस तर ठीक." त्या वेळी माझ्या टेबलावर शहराचा पॉझिटिव्हिटीचा आलेख होता आणि तो तीन आठवडे वर जात होता. आमच्या सर्वेक्षणात आकडा साठ टक्क्यांच्या जवळ आला होता; तो हिशोब खरा असता तर आलेख वर जायला नको होता. विषाणू बदलला असेल, जुनी प्रतिकारशक्ती ओसरत असेल, किंवा कॅम्पला मुख्यतः आजारी पडून गेलेलेच आले असतील आणि आमचा आकडा फुगला असेल. ही तिन्ही कारणं मी त्या आठवड्यात स्वतःच्या अहवालात लिहिली. बाबांच्या बाबतीत धरली नाहीत.

हे सगळं तुला माहीत नव्हतं. हिमानीलाही नव्हतं. आता तरी सही करशील का?

नेत्रा

४ डिसेंबर २०२५

ताई,

स्पीड पोस्टची पोच २७ तारखेची आहे, तुझ्या सहीची. म्हणजे तू वाचलंस. आज आठ दिवस झाले.

काल ब्रिगेडियरांच्या घरून हिमानीला फोन आला होता, दुसरी एक बाई बघून ठेवली आहे म्हणून. हिमानीने मला फोन करून विचारलं, "दीदी, मैडम ने कुछ कहा?" मी म्हणाले, अजून नाही. ती म्हणाली, "कोई बात नहीं जी." ती नेहमीच असं म्हणते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट सोडली होती. ती बाकीच्यांपेक्षा लहान आहे, एका फोनची, दीड मिनिटाची. तुला पटवायला ती लागणार नाही असं वाटलं होतं.

१९ एप्रिल २०२१, सोमवार, सकाळी सहा चाळीस. हिमानीचा फोन आला.

"दीदी, आज बदन टूट रहा है. गला भी. न आऊँ?"

"बुखार है?"

"नापा नहीं. थर्मामीटर नहीं है मेरे पास."

"तुम्हें हो चुका है, हिमानी. दोबारा नहीं होता इतनी जल्दी. मौसम का होगा."

"मैडम को बोल दूँ एक बार?"

"मैं बोल दूँगी. तुम बस पकड़ो."

मी तुला बोलले नाही.

का, ते लिहिते. तू तिला दारातून परत पाठवलं असतंस. मग दोन-तीन दिवसांत कोणीतरी दुसरी आली असती, जिचं रक्त मी पाहिलेलं नसतं. पुन्हा होण्याची शक्यता तेव्हाच्या शोधनिबंधांत एक टक्क्याहून कमी होती. नवी बाई मला त्याहून धोक्याची वाटली. दोन आकडे शेजारी ठेवले आणि लहान निवडला. निबंध आदल्या वर्षीच्या विषाणूचे होते. हे मला माहीत होतं.

ती सोमवारी आली, मंगळवारी आली. बुधवारी तुझ्या स्वयंपाकघरात भिंतीला धरून खाली बसली, तेव्हा तू तिचा ताप पाहिलास, एकशे दोन. शुक्रवारी बाबांना आला. ४ मेला बाबा गेले.

बाबांना तो हिमानीकडूनच आला हे सिद्ध करता येत नाही. दाजी रोज ऑफिसला जात होते, त्यांच्याकडून येणंही शक्य होतं. एरवी मी हे वाक्य सगळ्यांत आधी लिहिलं असतं. इथे त्याचा आधार घेत नाही.

आता २४ मे. तू हिमानीला पास परत करायला बोलावलं होतंस. मी पहिल्यांदाच गेटच्या आत आले होते, बाबा गेल्यावर वीस दिवसांनी. तू तिला व्हरांड्याच्या पायरीवरही येऊ दिलं नाहीस. "तुझे पता था ना? सच बोल. पता था ना तुझे?" तिने मान खाली घातली नाही. माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिले. त्यात काही नव्हतं. ती पास पायरीवर ठेवून गेली.

ऑक्टोबरात ती भेटायला आली तेव्हा मी तिला विचारलं, त्या दिवशी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मुझे लगा आप बोलोगी. फिर लगा, बाप गया है इनका, अभी नहीं बोलेंगी. बाद में बोल देंगी." मग हसून म्हणाली, "बाद में बहुत लंबा हो गया, दीदी."

त्या आजारपणात तिच्या घरी काय झालं हे आपल्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मी आत्ता विचारलं. तिची आई अठरा दिवस अंथरुणावर होती, घरातच, उसन्या आणलेल्या ऑक्सिजन सिलिंडरवर. वाचली.

तू लिहिलं होतंस, तुला काय माहीत. मला हे माहीत होतं.

नवा मजकूर जोडला आहे. त्यात लिहिलं आहे की हिमानीने आजारपण कळवलं होतं, तिला कामावर येण्यास मी सांगितलं, आणि ही माहिती मी घरच्यांपासून लपवली. खाली माझी सही आणि तारीख आहे. दाजींची जागा रिकामी आहे.

माझ्याशी पुन्हा बोलू नकोस असं वाटलं तर ते बरोबर आहे. ते आणि हिमानीचा पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेत्रा

२१ डिसेंबर २०२५

ताई,

पास मिळाला. बारा तारखेला दाजींचं पत्र पास ऑफिसला पोचलं. पंधराला ती कामावर गेली. हे मला तिच्याकडूनच कळलं. तुझ्याकडून मला काही आलेलं नाही, येईल असं मी धरलेलंही नाही.

आज रविवार. दुपारी ती माझ्याकडे आली होती, तिळाच्या गजकचा डबा घेऊन. तीन दिवसांनी धुकं उठलं होतं, म्हणून गच्चीवर उन्हात बसलो. माझ्याकडे एकच खुर्ची आहे. ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. नव्या आजींची नक्कल करून दाखवली. त्या घड्याळ बघून तिच्यावर रागावतात आणि घड्याळ बंद आहे. मग बाबांचं निघालं. "बाबूजी दरवाज़े तक चल के आते थे और बोलते थे, पटियाला हो आया." हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना दारापर्यंत चालताना पाहिलं नाही. गेटवरून फक्त खिडकीतली खुर्ची दिसायची.

तिने सांगितलं, तू तिला फोन केला होतास. चाळीस मिनिटं. तू रडलीस, मग तिची माफी मागितलीस, मग विचारलंस की त्या शेवटच्या दिवसांत, तू स्वयंपाकघरात असताना, बाबा तिच्याशी काय बोलायचे.

मी विचारलं, "क्या बोलते थे?"

ती म्हणाली, "वो मैडम को बता दिया, दीदी."

मी गजकचा डबा उघडून तिच्यापुढे धरला.

मग मला तिला यादीबद्दल सांगायचं होतं. ती आली तेव्हापासून मी ते पुढे ढकलत होते. पास मिळाला होता, काम मिळालं होतं, न सांगितलं तर कुणाचंच काही अडणार नव्हतं. मी सांगितलं. दोन फाइली, पाच नावं, सगळ्यांत मोठा आकडा.

तिला समजायला वेळ लागला नाही. पिंजौरला ती इतकी वर्षं सगळ्यांना वेगळंच सांगत आली होती. कॅम्पच्या दिवशी बायका सुईला घाबरत होत्या. ही एकेकीला हाताला धरून ओळीत बसवत होती, पाणी देत होती. तिला वाटत होतं, ते बघून कुणा दीदीने तिचं नाव लिहून घेतलं.

"आपने मुझे उस दिन देखा था ना?"

"मैं उस दिन वहाँ थी ही नहीं. कैंप में दूसरे लोग थे."

"तो मेरा काम किसी ने नहीं देखा."

"नहीं."

"सिर्फ़ ख़ून देखा."

"हाँ."

तिने गजकचा डबा बंद केला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत पुढच्या कोपऱ्यावर गेला. मग म्हणाली, "मैंने तो माँ को भी यही बताया था. माँ बड़ी खुश हुई थी." आणि थोड्या वेळाने, "उस काग़ज़ में नाम अभी है मेरा?"

मी म्हणाले, आहे. फाइली दहा वर्षं जपून ठेवतात.

"काट दो."

मी असं नुसतं काढू शकत नाही, हे तिला सांगितलं. त्यासाठी तिचा अर्ज लागतो. ज्याचं रक्त घेतलं त्याला केव्हाही बाहेर पडता येतं, कॅम्पला वाचून दाखवलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. तिला आठवत नव्हतं. तो कागद वाचायला तेव्हा दोन मिनिटं दिली जायची. हेही सांगितलं की असा अर्ज नैतिकता समितीकडे जातो, ते चौकशी करतील, आणि चौकशीत मी फाइली उघडल्याचं निघेल. ती म्हणाली, "वो आप देख लो." रागाने नाही. बस किती वाजता आहे हे सांगावं तसं.

तिला हिंदी लिहिता येतं, पण अर्ज मी लिहावा असं तिने सांगितलं. मी आतून कागद आणला आणि गच्चीवरच गुडघ्यावर वही ठेवून लिहिला. नाव, वय, पत्ता, नमुना क्रमांक. नमुना क्रमांक मला न बघता आठवला. तिने ते पाहिलं.

कारण देण्याची सक्ती नसते. मी तिला सांगितलं, ही ओळ कोरी ठेवता येते.

"लिखो," ती म्हणाली.

"क्या?"

"मुझसे पूछा नहीं था."

मी तेवढंच लिहिलं. तिने वाचलं, सही केली, तारीख घातली. मी बसस्टँडपर्यंत येते म्हणाले. ती म्हणाली, रस्ता माहीत आहे.

अर्जाची प्रत सोबत आहे. माझ्या निवेदनाचीही, त्यात तारखा आणि वेळा आहेत. दोन्ही उद्या सकाळी दहाला समितीच्या कार्यालयात देते. माझी नोकरी बहुतेक राहणार नाही. बाबांचं नाव निवेदनात येणार आहे, आणि ते तुला बाहेरून कळू नये, म्हणून आज लिहिलं.

नेत्रा